आप्पांचं पाणी

हे वाचून धीर येईल अशी अपेक्षा असेल तर इथेच थांबा. धीर देणारी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत. आप्पा आजारी पडल्यापासून मला तीन भेट मिळाली, आणि तिन्हींच्या मुखपृष्ठावर सूर्योदय आहे. मी हे लिहितेय ते एवढ्यासाठीच, की तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसानं पाणी प्यायचं बंद केलं असेल, आणि तुम्ही त्याला हट्टी, नाटकी, छळवादी म्हणत असाल, तर जरा दमानं घ्या. मी चार महिने म्हणत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मी संघमित्रा, त्यांची थोरली. लग्न केलं नाही, विमा कंपनीत नोकरी करते. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. धाकटा भाऊ मिलिंद बंगळूरला असतो आणि तिथून सल्ले पाठवतो.

मी हसले

पहिला झटका आला तेव्हा मी हसले. सकाळी ऑफिसची घाई चालली होती. आप्पा टेबलाशी बसून म्हणाले, "मित्रा, चहाला कुलूप लाव." ज्या माणसानं सोसायटीच्या नोटिशीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून नोटीस परत लावली, तो माणूस असं बोलला म्हणून मला हसू आवरेना. म्हटलं, लावते, किल्ली तुमच्याकडेच ठेवा. ते पण हसले, आणि हसताना त्यांचं तोंड एकाच बाजूला गेलं. तरी मी डबा भरत होते. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. ती मिनिटं मला कुणी परत देणार नाही, आणि देऊ पण नये.

त्यातून ते बरे झाले. पाय ओढत चालायचे, पण चालायचे. सहा महिन्यांनी दुसरा झटका आला. या वेळी मी हसले नाही, रिक्षात घालून पंधरा मिनिटांत दवाखान्यात नेलं, तरी व्हायचं ते झालंच. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दिव्यासमोर धरून पांढरे ठिपके दाखवले. म्हणाले, लहान लहान झटके बरेच दिवस येऊन जात असणार, तुम्हाला कळले नसतील. मग डिमेन्शिया हा शब्द आला. मग त्यांनी आप्पांना विचारलं, "आजोबा, ह्या कोण? मुलीचं नाव सांगा बरं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. काउंटरवर चुकीचा फॉर्म घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग डॉक्टरांना म्हणाले, "ते या बाईंनाच विचारा."

डॉक्टर हसले. मी पण हसल्यासारखं केलं. बाहेर येऊन मिलिंदला फोन लावला, तर म्हणाला, "ताई, त्यांना शब्दकोडी सोडवायला दे."

हात

त्यानंतर त्यांचं पाणी पिणं सुटलं. भाताचे चार घास घ्यायचे, वरण चाटायचे, पण पाण्याचा पेला जवळ नेला की अंग चोरून मागे सरकायचे. दोन्ही हात पाठीमागे न्यायचे, ओठ घट्ट मिटायचे, "नको बाई, नको." दिवसभराच्या लताताई होत्या, आप्पांना सांभाळायला ठेवलेल्या. अनुभवी बाई. चमच्यानं, स्ट्रॉनं, औषधाच्या सिरिंजनं, सगळं करून बघितलं. महिन्याभरात आप्पांना लघवीचा संसर्ग झाला, ताप डोक्यात गेला आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले.

तिथे नाकातून नळी घातली. आप्पांनी ती उपटली. परत घातली, परत उपटली, रक्त आलं. मग त्यांचे हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधले. मी सही केली, कारण सहीशिवाय बांधत नाहीत. ते मनगटं ओढत राहिले आणि माझ्याकडे बघून एकच म्हणत राहिले, "काय केलं मी? बाई, काय केलं?" नर्स म्हणाली, मॅडम, तुम्ही बाहेर बसा, तुम्ही समोर असलात की जास्त करतात. मी बाहेर बसले आणि बिस्किटाचा अख्खा पुडा खाल्ला. भूक लागली होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दिवसाला दीड लिटर पोटात गेलंच पाहिजे. नाही गेलं तर हेच परत होणार, आणि मग नळी कायमची. आणि नळी म्हणजे हात बांधणं आलंच. मी आप्पांच्या मनगटांवरचे निळे वळ बघितले आणि ठरवलं, काही झालं तरी हे परत नाही. दीड लिटरची बाटली आणली. लताताईंनी तिच्यावर स्केचपेननं रेघा मारल्या: नाश्ता, दुपार, चहा, संध्याकाळ.

बाटली संध्याकाळी पण भरलेली असायची.

मी काय काय केलं ते लिहिते, म्हणजे तुम्हाला वाटू नये की मी कुणी पुण्यवान आहे. मी ओरडले. "मरायचंय का तुम्हाला?" असं विचारलं, तर म्हणाले, "व्हय बाई." आमच्या घरात 'व्हय' कुणी म्हणत नसे. आप्पांनी आम्हाला 'होय' म्हणायला शिकवलं होतं, छडी न घेता, पण छडीपेक्षा वाईट नजरेनं. एका रविवारी मी त्यांचं नाक दाबून धरलं आणि तोंड उघडल्यावर अर्धा पेला ओतला. ते गुदमरले, डोळे पांढरे झाले, सगळं पाणी माझ्या अंगावर आलं. लताताईंना सुट्टी होती. त्यांना मी सांगितलं नाही. आज इथे सांगतेय.

ओंजळ

याच दिवसांत आप्पांनी नवीन खोड काढली. सोफ्यावरून सरपटत उतरायचे आणि दाराशी, चपलांच्या रॅकजवळ जाऊन उकिडवे बसायचे. पाय दुखत असणार, पण बसायचे. आम्हाला वाटलं, बाहेर जायचंय. म्हणून आतून कुलूप लावलं. तरी तिथेच. कुणी जवळ गेलं की दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायचे आणि मान खाली.

मला काय कळणार? मी त्या ओंजळीत गोळ्या ठेवल्या. बिस्किट ठेवलं. एकदा टीव्हीचा रिमोट ठेवला. प्रत्येक वस्तूकडे ते थोडा वेळ बघायचे, जमिनीवर ठेवायचे, आणि परत ओंजळ. फिजिओथेरपिस्टला वाटलं, बोटांचा व्यायाम करताहेत, चांगलं आहे. मिलिंदनं व्हिडिओ बघून सांगितलं की विहारातली वंदना आठवत असेल. वरच्या मजल्यावरच्या काकू डाळिंबं घेऊन आल्या होत्या, त्यांचे डोळेच भरून आले. "अहो, तीर्थ मागताहेत बघा! शेवटी देव आठवतोच हो माणसाला." मी म्हटलं, काकू, आमच्यात तीर्थ नसतं. त्या म्हणाल्या, "असू दे, मी आणून देते." आणि खरंच वाटीत घेऊन आल्या. आप्पांनी वाटीला हात लावला नाही. काकू दुखावल्या, डाळिंबं मात्र ठेवून गेल्या.

दवाखान्याची पिशवी मी भरून दाराशी ठेवली होती. लघवी परत चहाच्या रंगाची व्हायला लागली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोन दिवस बघा, नाहीतर घेऊन या.

आत्या

त्या दोन दिवसांत आत्या आली. आप्पांची धाकटी बहीण, शहात्तर वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावीच राहते. भावाला शेवटचं बघून घ्यावं म्हणून एस.टी.नं स्वारगेटला उतरली आणि रिक्षावाल्याशी भांडत घरी पोचली. आप्पा दाराशीच बसले होते, त्यामुळे दार उघडल्यावर पहिले तेच दिसले.

"दादा, वळखलंस का?"

आप्पांनी मान खाली घातली आणि ओंजळ पुढे केली.

आत्या उभीच राहिली. लताताई नेमक्या पाण्याचा पेला घेऊन आल्या, आप्पांनी हात मागे ओढले, "नको, नको." आत्यानं हे सगळं एकदा बघितलं. पिशवी खाली ठेवली, चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात गेली, तांब्या भरून आणला, आणि उभ्यानं, हातभर उंचीवरून त्यांच्या ओंजळीत धार धरली.

आप्पा प्यायले. वाकून, ओंजळीला तोंड लावून, घटाघटा. अर्धं पाणी कोपरावरून गळत होतं, तरी पीत होते. तांब्या रिकामा झाला. दुसरा आणला, तो निम्मा झाला.

मी टाळ्या वाजवल्या हो! आनंदानं अक्षरशः टाळ्या वाजवल्या. "आत्या, काय जादू केलीस? कसं जमवलंस?"

आत्या म्हणाली, "यात काय जमवायचं, पोरी. आसंच तर पीत हुतो आमी."

मग ती सोफ्यावर बसली आणि सांगितलं. फार नाही सांगितलं, तिला दम लागत होता.

"शाळंत माठ हुता. त्याला आपला हात लागता कामा न्हाई. मास्तरांची बायको बाजूच्याच खोलीत ऱ्हायची, तिला बाई म्हनायचो. तहान लागली की दादा तिच्या उंबऱ्याबाहीर चपलांपाशी बसून ऱ्हायचा. हाक मारायची न्हाई. तिचं काम आटपलं, मनात आलं, की ती येनार आन वरनं वतनार. न्हाई आली तर तसंच घरी."

"आणि पेला?"

"एकदा हात लागला हुता दादाचा भांड्याला. चुकून. मास्तरनं हातावर छडी मोडली. मोडली म्हनून दुसरी मागवली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दीक्षा घेतली तवा दादा अकरा वर्साचा हुता. त्यानंतर ह्यो कधी कुनाच्या दारात बसला न्हाई. तुमास्नी सांगितलं न्हाई व्हय त्यानं?"

नाही सांगितलं. एक अक्षर नाही. मला आयुष्यात त्यांनी एकदाच मारलं. चौथीत होते, शाळेची सहल, आणि ते न्यायला आले होते. मैत्रीण बाटलीतून वरून पाणी ओतत होती आणि मी ओंजळीनं पीत होते, बाकीच्या मुली पीत होत्या तशीच. सगळ्यांदेखत फाडकन थोबाडीत दिली. घरी जाताना दुकानात थांबून स्टीलचा पेला घेतला, त्यावर माझं नाव घालून घेतलं, आणि म्हणाले, गळ्यात अडकवून फिर, पण पेल्यानंच पी. आमच्या घरी पाहुण्यांना पाणी टेबलावर ठेवलेलं त्यांना चालत नसे. हातात द्यायचं. मला वाटायचं, शिस्तीचा माणूस आहे, असतात असे.

पोझिशन

आत्या तीन दिवस राहिली आणि तीन दिवस तिनं पाणी ओतलं. लघवीचा रंग उतरला. मी भरलेली पिशवी रिकामी केली. ती गेल्यावर प्रश्न आला, आता कोण ओतणार?

लताताई म्हणाल्या, "ताई, मला सांगू नका. मी पण तुमच्यातलीच आहे. काकांच्या पाया पडायचं आपण, हे नाही जमायचं." त्यांचं चुकलं नाही. म्हणून मी ऑफिसचं काम घरून करायला लागले आणि तांब्या घेतला.

पहिल्या दिवशी माझा हात खाली आला. मला वाटलं, जवळून देऊ, निदान तेवढं तरी. त्यांनी ओंजळ झटकन मागे घेतली, पाणी फरशीवर. उंची बरोबर लागते. वीतभर चालत नाही. हातभर वर धरलं की मगच पितात. पिऊन झालं की "उपकार झाले बाई" म्हणतात आणि तिथेच बसून राहतात. कितीतरी वेळ मला कळेना, उठत का नाहीत. मग कळलं, "जा आता" म्हणावं लागतं.

तेही म्हणायला शिकले. आणखी एक शिकले, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. ऑफिसचा फोन चालू असला की आप्पा दाराशी बसलेले दिसायचे आणि मी बोलत राहायची. पंधरा मिनिटं, अर्धा तास. ते हाक मारत नाहीत, म्हणून मला घाई वाटेनाशी झाली. एके दिवशी फोन ठेवून मी आधी चहा केला, माझा, आणि तो पिऊन मग तांब्या घेतला. बाई अशीच असणार. वाईट असेलच असं नाही, तिला काम असेल.

गिळण्याचे व्यायाम घेणारी मुलगी आली होती, तिला हे दाखवावंच लागलं. कारण काय ते सांगितलं नाही. ती खूष. "मॅम, ही एकदम करेक्ट पोझिशन आहे! हनुवटी छातीकडे, छोटे छोटे घोट. आम्ही महिनाभर शिकवतो तरी पेशंटना येत नाही. कुणी शिकवलं त्यांना?"

"शाळेत शिकले," मी म्हटलं.

मिलिंद

दिवाळीच्या सुट्टीत मिलिंद आला. मी त्याला फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं की आप्पा आता पाणी पितात. त्यानं पहिल्याच सकाळी बघितलं आणि माझ्या हातातला तांब्या हिसकावून घेतला.

"ताई, लाज वाटते का तुला? आपल्या घरात? जन्मभर कशासाठी झगडला हा माणूस?"

"दीड लिटर," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळपर्यंत. तुझ्या पद्धतीनं पाज. मी मध्ये येणार नाही."

त्यानं मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. नवा पेला आणला, सरबत केलं, लहान मुलांची नळीची बाटली आणली. आप्पांना उचलून सोफ्यावर बसवलं, मिठी मारली, "आप्पा, मी मिलिंद, तुमचा मुलगा. हे आपलं घर आहे, आप्पा. इथे कुणाची बंदी नाही." आप्पा थरथरत होते. सोफ्यावर बसवलं म्हणूनच थरथरत होते, हे मला दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओठांना चिरा पडल्या. बाटली दोन बोटं उतरली होती, ती पण सांडून.

संध्याकाळी मिलिंदनंच तांब्या भरला. आप्पा रॅकजवळ बसले होते. त्यानं तो खाली धरला, त्यांनी हात ओढले.

"अजून वर," मी म्हटलं.

त्यानं वर नेला. आप्पा प्यायले. पिऊन झाल्यावर म्हणाले, "लई उपकार झाले, मास्तर."

मिलिंद बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत बसला. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच बंगळूरला परत गेला. आता फोन करतो, पण सल्ले देत नाही. "किती झालं आज?" एवढंच विचारतो. मी आकडा सांगते.

गेला रविवार

डॉक्टर खूष आहेत. संसर्ग नाही, ताप नाही, नळीचा विषय बंद. मनगटं स्वच्छ आहेत. पाण्याची लढाई मी जिंकले असं म्हणायला हरकत नाही, आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगते.

गेल्या रविवारी सकाळी आप्पा दाराशी बसले. मी लगेच गेले, फोन नव्हता, काही नव्हतं. तांब्या वर धरला, धार सोडली. दोन घोट घेतले असतील. मग त्यांनी मान वर केली. पाणी हनुवटीवरून गळत होतं. त्यांनी आधी तांब्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"मित्रा," ते म्हणाले.

अकरा महिन्यांनी. डॉक्टरांनी विचारलं होतं ते नाव. आवाज पण त्यांचाच होता, हेडक्लार्कचा.

"मित्रा, असं वरून का देतेस गं पाणी?"

मिलिंदसाठी माझ्याकडे उत्तर होतं. लताताईंसाठी, काकूंसाठी, सगळ्यांसाठी होतं. "आप्पा, चुकलं," मी म्हटलं, "चुकलं माझं, थांबा हं, थांबा," आणि स्वयंपाकघरात धावले. पेला घेतला, भरला, निम्मा हिंदकळला. त्यांच्यासमोर गुडघे टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

त्यांनी पेल्याकडे बघितलं. दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको बाई," ते म्हणाले. "चुकून लागंल."

मी पेला बाजूला ठेवला. उठले, तांब्या घेतला, हातभर वर धरला आणि ओतलं. त्या दिवशी त्यांचं दीड लिटर पुरं झालं.